एक्स्पोर्ट केल्यावरच आवाज का फाटतो?

प्रश्न : मी कराडची. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आठवी-नववीच्या इतिहासाचे आणि मराठीचे पाठ वाचून त्यांचे रेकॉर्डिंग करून देते. विंडोजचा लॅपटॉप, यूएसबी माइक आणि ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर एवढेच माझे साहित्य आहे. दिवसा घरात गडबड असते, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर वाचते आणि कोणाची झोपमोड नको म्हणून ऑडॅसिटीमधली प्लेबॅकची पट्टी अगदी खाली ठेवून ऐकते. पूर्वी मुले म्हणायची की आवाज बारीक येतो, म्हणून हल्ली ॲम्प्लिफाय वापरून तो शून्य डेसिबलपर्यंत वाढवते. खाली मंद बासरी घालते आणि तिचा ट्रॅक १० डेसिबलने कमी करते. ऑडॅसिटीत सगळे स्वच्छ ऐकू येते. पण ३२ केबीपीएसची (सेकंदाला ३२ किलोबिट) एमपी३ फाइल करून फोनवर ऐकली, की जोरात उच्चारलेल्या शब्दांवर पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो आणि ‘स’, ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. एका विद्यार्थिनीने कान दुखतो म्हणून पाठ अर्ध्यावर सोडला. माइक बदलू का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. माइक बदलू नका. निदान पुढच्या तपासण्या होईपर्यंत तरी त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर एकाच वाक्यावर थांबली. घरच्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तुम्ही प्लेबॅकची पट्टी खाली ठेवता, आणि नेमकी तीच पट्टी तुमच्यापासून दोष लपवून ठेवते आहे.

हे कसे होते ते आधी सांगतो, कारण ते एकदा समजले की पुढची दुरुस्ती तुम्हाला कोणाला विचारावी लागणार नाही. ऑडॅसिटी आवाज साठवताना ३२ बिट फ्लोट नावाची पद्धत वापरते. या पद्धतीत शून्य डेसिबल ही एक खूण असते, भिंत नसते. आवाज त्या खुणेच्या वर गेला तरी त्याचे आकडे जसेच्या तसे जपले जातात. १६ बिटच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये मात्र ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याला उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढीच जागा असते, आणि त्याबाहेर जाऊ पाहणारी लाट करवतीने कापल्यासारखी वरून सपाट होते. एमपी३चा मामला थोडा वेगळा असला, तरी फोन ती फाइल उलगडून वाजवतो तेव्हा त्यालाही हीच मर्यादा आड येते, त्यामुळे कापाकापी टळत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. लाटेचा माथा सपाट झाला, की मूळ आवाजात नसलेले उंच ध्वनी त्यात तयार होतात, आणि पत्र्यावर खडे पडल्यासारखे तुम्ही जे म्हणता ते हेच.

प्लेबॅकची पट्टी खाली असते तेव्हा ऑडॅसिटी सगळ्या ट्रॅकची बेरीज आधी लहान करते आणि मग ती लॅपटॉपच्या स्पीकरकडे पाठवते. शून्याच्या वर गेलेली लाट अशा वेळी आपोआप खुणेच्या आत येते, आणि तुम्हाला सगळे निर्मळ ऐकू येते. एक्स्पोर्ट करताना, म्हणजे तयार फाइल बनवताना, मात्र या पट्टीला कोणी विचारत नाही. ती फक्त ऐकण्यापुरती आहे. ट्रॅकच्या डाव्या बाजूला असलेली गेनची, म्हणजे त्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी, पट्टी फाइलमध्ये उतरते, वरची प्लेबॅकची पट्टी उतरत नाही. म्हणजे रात्री तुम्ही जे ऐकता आणि सकाळी मुलांना जे पोहोचते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तुमचेच आकडे मांडून पाहू. आवाज ॲम्प्लिफाय करून तुम्ही त्याचे शिखर शून्य डेसिबलला नेता, म्हणजे लाटेची उंची १ होते. बासरीची तयार फाइल बहुधा आधीच शून्याच्या आसपास पोहोचलेली असते. तिला १० डेसिबलने खाली आणले, की तिची उंची सुमारे ०.३२ उरते. दोन्हींची शिखरे एकाच क्षणी आली, तर बेरीज १.३२ होते आणि मर्यादा १ची आहे. डेसिबलमध्ये सांगायचे तर तुमचा पाठ अशा क्षणी शून्याच्या सुमारे २.४ डेसिबल वर जातो. सामान्य वाक्यांत आवाज त्याच्या शिखराच्या बराच खाली असतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. एखादा शब्द जोरात येतो आणि त्याच वेळी बासरीचा सूरही चढलेला असतो, तिथेच आवाज फाटतो. तुमची तक्रारही नेमकी तशीच आहे.

माझ्यावर विश्वास ठेवून थांबू नका, हे स्वतः पडताळून पाहा. पाठाचा प्रकल्प उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडा आणि ‘ट्रॅक्स’ या मेनूत ‘मिक्स’खाली असलेली ‘मिक्स अँड रेंडर टू न्यू ट्रॅक’ ही आज्ञा द्या. आवाज आणि बासरी यांची बेरीज झालेला एक नवा ट्रॅक सर्वांत खाली तयार होईल. फक्त तोच निवडून ‘इफेक्ट’मधून ‘ॲम्प्लिफाय’ उघडा, पण काहीही बदलू नका. चौकटीत आपोआप आलेला पहिला आकडा वाचा. शिखर बरोबर शून्यावर आणण्यासाठी किती वाढवावे किंवा घटवावे लागेल, ते तो सांगतो. तिथे उणे २.१ दिसले, तर तुमची बेरीज शून्याच्या २.१ डेसिबल वर गेली आहे असा त्याचा सरळ अर्थ आहे. आकडा अधिक असेल, तर तेवढी जागा अजून शिल्लक आहे. वाचून झाल्यावर चौकट रद्द करा आणि नवा ट्रॅक पुसून टाका, नाहीतर एक्स्पोर्टमध्ये सगळे दुप्पट होऊन बसेल. ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘शो क्लिपिंग इन वेव्हफॉर्म’ या सोयीवर अनेक जण विसंबतात आणि लाल रेघा दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त होतात. पण ती सोय प्रत्येक ट्रॅक सुटा तपासते, बेरीज तपासत नाही. तुमचे दोन्ही ट्रॅक सुटे सुटे निर्दोष आहेत, म्हणून तुम्हाला एकही लाल रेघ दिसली नसावी.

यात तुमच्या दृष्टीने मोठी चांगली गोष्ट ही आहे, की जुने पाठ बहुतेक वाचवता येतील. ज्या पाठांच्या ऑडॅसिटी प्रकल्पाच्या फाइली, म्हणजे नावाच्या शेवटी एयूपी३ असलेल्या फाइली, तुम्ही जपल्या आहेत, त्यांतला मूळ आवाज शाबूत आहे. पट्ट्या योग्य जागी आणून पुन्हा एक्स्पोर्ट केले की काम झाले, पुन्हा वाचायची गरज नाही. केवळ एमपी३ उरली असेल, तर मात्र कापलेले माथे त्या फाइलमधून पूर्ववत होतील अशी आशा धरू नका. आणि इथून पुढे एक्स्पोर्ट झाल्यावर प्रकल्प कधीही पुसू नका, डिस्क भरली तर बाहेरच्या डिस्कवर हलवा.

एक शक्यता मात्र तपासून घ्यायलाच हवी. आवाज माइकपाशीच, ध्वनिमुद्रण होत असतानाच कापला गेला असेल, तर वरची कोणतीही युक्ती चालणार नाही. जोरात बोललेला एखादा शब्द निवडा आणि त्यावर इतके झूम करा, की लाटेच्या एकेका उंचवट्याचा आकार दिसू लागेल. टेकडीसारखा गोल माथा असेल तर निश्चिंत राहा. माथा पठारासारखा सपाट असेल, आणि तसे अनेक उंचवटे एकाच उंचीवर तुटलेले दिसत असतील, तर ते रेकॉर्डिंगच फाटलेले आहे. ‘क्लिप फिक्स’ नावाचा इफेक्ट दोन-चार तुटलेल्या शिखरांची डागडुजी करतो; पूर्ण पाठाला तो पुरा पडत नाही. मी स्वतः एका निवृत्त शिक्षकांचे दीड तासाचे कथन असेच गमावले आहे. लेव्हल चढी राहिली होती आणि मी ती बघितली नाही. त्यांनी मोठ्या मनाने पुन्हा बसून सगळे सांगितले, पण पहिल्या वेळी सांगताना मध्येच थांबून त्यांनी जे हसून घेतले होते, ते दुसऱ्या वेळी आले नाही. तेव्हापासून मुद्रणापूर्वी पाठातले सर्वांत जोरकस वाक्य मी आधी मोठ्याने वाचून घेतो आणि मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहतो याची खात्री झाल्याशिवाय सुरुवात करत नाही. तुम्हीही तसेच करा. विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये माइकला ‘बूस्ट’ दिलेला आढळला, तर तो काढून टाका. २० डेसिबलचा बूस्ट म्हणजे लाट दहापट उंच होणे.

पत्रातला दुसरा दोष, ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे वाटणे, याचा फाटण्याशी काही संबंध नाही. तो ३२ केबीपीएसचा परिणाम आहे. एमपी३ फाइल लहान करण्यासाठी कानाला कमी जाणवेल अशी माहिती टाकून देते, आणि जागा फारच थोडी दिली, तर टाकू नये ते सुद्धा टाकते. मराठीतले ‘स’, ‘श’, ‘ष’ आणि ‘छ’ हे उंच कंपनांनी भरलेले, फुसफुसणारे ध्वनी आहेत. पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर येते. त्यातही बासरीची फाइल स्टिरिओ असल्याने तुमची एक्स्पोर्टही स्टिरिओ होत असणार, म्हणजे आधीच अपुरे असलेले ते ३२ किलोबिट डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंना पुरवावे लागतात. एक्स्पोर्टच्या चौकटीत ‘मोनो’ निवडा आणि बिटरेट ६४ केबीपीएस ठेवा. एका माणसाच्या वाचनाला स्टिरिओचा उपयोग नाही. ४० मिनिटांचा पाठ ३२ला सुमारे ९.६ एमबी होतो, ६४ला १९.२ एमबी होतो. दुप्पट झाला तरी आजच्या फोनला हे ओझे नाही, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक ‘श’ स्पष्ट ऐकू येतो. हा फरक स्वतः ऐकायचा असेल, तर ‘सशाने शेतात शिरून शेंगा फस्त केल्या’ एवढे वाक्य रेकॉर्ड करून दोन्ही प्रकारे एक्स्पोर्ट करा.

कोणता दोष कुठे शिरला हे पुढेही ओळखता यावे, म्हणून एक सवय लावून घ्या. शंका आली की त्याच पाठाची १६ बिट डब्ल्यूएव्ही आणि एमपी३ अशा दोन्ही फाइली करा आणि दोन्ही एकाच हेडफोनवर ऐका. डब्ल्यूएव्ही फाटलेली असेल तर दोष लेव्हलमध्ये आहे. डब्ल्यूएव्ही स्वच्छ आणि एमपी३ बिघडलेली असेल तर दोष बिटरेटमध्ये आहे किंवा शिखर शून्याच्या फार जवळ आहे. एमपी३ करताना लाटेचा आकार थोडा बदलतो आणि काही शिखरे मूळपेक्षा किंचित उंच होतात, म्हणून सर्वांत उंच शिखर उणे ३ डेसिबलच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे.

आता मुलांची जुनी तक्रार, की आवाज बारीक येतो. ती खरी होती, पण शिखर शून्यावर नेणे हा तिच्यावरचा उपाय नव्हता. कानाला आवाज मोठा वाटतो तो त्याच्या सरासरी पातळीमुळे. एखादा जोरात पडलेला ‘भ’ शिखर गाठतो आणि बाकीचे वाचन तसेच खाली राहते. श्राव्यपुस्तके स्वीकारणारे एसीएक्स हे व्यासपीठ सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान आणि शिखर उणे ३च्या खाली मागते. ही अट तुम्हालाही मार्गदर्शक ठरेल. फक्त आवाजाचा ट्रॅक निवडा. आधी ८० हर्ट्झचा ‘हाय पास फिल्टर’ लावा; त्याखालचे जाड ध्वनी तो गाळतो. त्यानंतर ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मध्ये आरएमएस हा पर्याय निवडून उणे २० द्या, आणि शेवटी लिमिटरची वरची मर्यादा उणे ३.५ ठेवा. मधल्या टप्प्यात लाट शून्याच्या वर गेलेली दिसली तरी घाबरू नका. फ्लोटमुळे ती सुरक्षित असते आणि लिमिटर तिला हळुवार खाली बसवतो. क्रम मात्र बदलू नका.

फिल्टर सर्वांत आधी का, त्याचे कारण आपल्या भाषेतच आहे. ख, घ, थ, ध, फ, भ असे महाप्राण वर्ण मराठीत पावलोपावली येतात, आणि त्यांच्याबरोबर तोंडातून हवेचा झोत सुटतो. तो माइकच्या पडद्यावर सरळ आदळला, की ‘धप्’ असा दबका ठोका उमटतो आणि लाटेचे सर्वांत उंच शिखर अनेकदा तोच व्यापून बसतो. या ठोक्याचा बराच भाग ८० हर्ट्झच्या खाली असतो. स्त्रीच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या बराच वर असल्याने तुमच्या आवाजाचे काही हरवत नाही. तरीही हा ठोका मुळातच टाळणे चांगले. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवा आणि तोंडासमोर नको, गालाच्या रेषेत थोडा बाजूला सरकवा, म्हणजे झोत त्याच्या शेजारून निघून जाईल. ‘भाऊ धावत फाटकापाशी आला आणि घराची खिडकी उघडून थांबला’ हे वाक्य समोरून एकदा आणि बाजूने एकदा म्हणून पाहा. दोन लाटा एकीखाली एक ठेवल्यात, की पहिलीत ‘भ’ आणि ‘फ’वर सुळके दिसतील आणि दुसरीत ते बरेच निवलेले असतील.

बासरीविषयी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. तुम्ही ती प्रेमाने घालता हे कळते. पण डोळस माणूस एखादा शब्द निसटला तर पुस्तकात पाहू शकतो. तुमच्या विद्यार्थ्याला तो शब्द फक्त कानानेच मिळणार आहे, आणि इतिहासातली सनावळ ऐकताना त्याच्या कानावर दुसरा सूर असणे हा त्याच्यावरचा भार आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००८ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत अशी अपेक्षा आहे, की बोलण्याच्या मागे एकतर कोणताही आवाज नसावा, किंवा तो बंद करता यावा, किंवा तो बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबल खाली असावा. तुमची बासरी शिखरांच्या हिशेबाने १० खाली आहे. शिवाय बोलण्यात श्वासाच्या जागा असतात आणि बासरीचा सूर अखंड चालतो, त्यामुळे ऐकताना हे अंतर त्याहूनही कमी भासते. माझे मत विचाराल तर पाठाच्या आरंभी आणि शेवटी दहा-पंधरा सेकंद बासरी ठेवा आणि वाचन सुरू होताच ती पूर्ण थांबवा. वाचनाखाली ठेवायचीच असेल, तर तिच्या ट्रॅकचा गेन उणे २४वर आणा. आवाजाचे शिखर उणे ३.५ आणि बासरीचे उणे २४ धरले, तर दोन्हींची बेरीज जास्तीत जास्त उणे २.७च्या आसपास राहते आणि फाटण्याचा प्रश्न उरत नाही.

बाकीच्या संशयितांचा उल्लेख ओझरता करतो, कारण तुमच्या लक्षणांशी ते जुळत नाहीत. मध्येच टक्-टक् असे तुटक आवाज आले, तर संगणकावर भार जास्त आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी बाकीचे प्रोग्राम बंद करा. आवाज धातूसारखा, भांड्यात घुमल्यासारखा आला, तर नॉइज रिडक्शन या मागची खरखर कमी करणाऱ्या इफेक्टची मात्रा जास्त झाली आहे. आपलाच आवाज जाड आणि संथ वाटला, तर सेकंदाला ४८,००० नमुन्यांचे ध्वनिमुद्रण कुठेतरी ४४,१०० नमुन्यांचे समजून वाजवले जात आहे. आणि रात्री ऐकण्यासाठी ब्लूटूथचा हेडफोन घेऊ नका. त्याचा माइक चालू झाला, की तो फोनवरील संभाषणाच्या हलक्या दर्जावर उतरतो आणि चांगले रेकॉर्डिंगही वाईट ऐकवतो. वायरचा साधा हेडफोन घ्या आणि त्यावर प्लेबॅकची पट्टी पूर्ण वर ठेवून, आवाज विंडोजच्या बाजूने कमी करून ऐका. घरही झोपलेले राहील आणि फाटलेला शब्द तुम्हाला मुलांच्या आधी ऐकू येईल.

कामाला सुरुवात त्या विद्यार्थिनीने अर्ध्यावर सोडलेल्या पाठापासून करा. त्याचा प्रकल्प उघडून वर सांगितलेल्या क्रमाने दुरुस्त करा आणि सगळा पाठ पाठवण्याआधी त्यातला तिला खुपलेला दोन मिनिटांचा तुकडा दोनदा एक्स्पोर्ट करा, एकदा बासरीसह आणि एकदा बासरीविना. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे ती वाटेत न बदलता जशीच्या तशी पोहोचेल. दोन्हींपैकी कोणता तुकडा तिला सुखाने ऐकता आला, ते तिलाच विचारा आणि बाकीचे पाठ तिच्या उत्तराप्रमाणे करा.